जॅमर नेमके कशाला म्हणावे? रेडिओ तरंग, श्राव्यातीत ध्वनी आणि दोन कायद्यांचा इतिहास

लखनौहून कानपूरकडे जाणारा रस्ता सरोजिनी नगर तहसिलीतून जातो. या तहसिलीत दोन जागा अशा आहेत की ज्यांचा एकमेकींशी वरकरणी काहीही संबंध दिसत नाही. एक अमौसीचा विमानतळ. त्याचे अधिकृत नाव चौधरी चरणसिंग आंतरराष्ट्रीय विमानतळ. दुसरी पिपरसंड गावातील उत्तर प्रदेश राज्य न्यायवैद्यक विज्ञान संस्था. तिची पायाभरणी 1 ऑगस्ट 2021 रोजी केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांच्या हस्ते झाली. हिवाळ्यात उत्तर भारतावर दाट धुके उतरते, तेव्हा वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांनी नव्हे, तर रेडिओ तरंगांनी सापडते. न्यायवैद्यक शास्त्रात मात्र प्रश्न वेगळा असतो. समोर ठेवलेले ध्वनिमुद्रण खरे आहे काय, त्यातला आवाज कोणाचा, आणि त्या खोलीत जे बोलले गेले तेच त्यात उमटले आहे काय?

बाजारात आज ‘जॅमर’ या एकाच नावाने दोन निरनिराळी उपकरणे ओळखली जातात. त्यांपैकी एक विमानतळाचा शत्रू आहे आणि दुसरे न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा. पहिले मोबाइलचे किंवा जीपीएसचे रेडिओ सिग्नल बुडवते. दुसरे कानाला ऐकू न येणारा ध्वनी सोडून जवळच्या मायक्रोफोनला बहिरे करते, म्हणजे तेथे चाललेले बोलणे कोणाच्या फोनमध्ये मुद्रित होत नाही. दोन्हींच्या जाहिरातींत ‘फ्रिक्वेन्सी’, ‘किलोहर्ट्झ’, ‘रेंज’ हे शब्द सारखेच असतात, त्यामुळे सामान्य ग्राहकाची फसगत होते. काही वेळा विक्रेत्याचीही होत असावी.

हा गोंधळ दूर करायला 40 किलोहर्ट्झ ही एकच संख्या पुरेशी आहे. जपानमधील प्रमाणवेळेचे रेडिओ केंद्र याच कंप्रतेवर वेळेचा संकेत प्रसारित करते. मायक्रोफोन अडवणारी अनेक उपकरणेही याच्याच आसपासच्या कंप्रतेचा श्राव्यातीत ध्वनी सोडतात. सेकंदाला चाळीस हजार कंपने दोन्हीकडे आहेत. पण जपानी केंद्राचा तरंग विद्युत् चुंबकीय आहे. तो प्रकाशाच्या वेगाने जातो आणि त्याची तरंगलांबी साडेसात किलोमीटर भरते. ध्वनीचा तरंग म्हणजे हवेचेच दाबणे आणि सैल होणे. त्याचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर, आणि तरंगलांबी नऊ मिलिमीटरहूनही कमी, म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढी. पहिला डोंगर ओलांडतो. दुसऱ्याला बंद दार पुरते, जाड पडद्यानेही तो बराच अडतो. कंप्रता किती, यापेक्षा काय कंप पावते आहे, हे महत्त्वाचे. कायद्याची दोन निरनिराळी घराणी याच भेदावर उभी आहेत.

रेडिओचे घराणे आधीचे. 1885 च्या भारतीय तार अधिनियमाने तारायंत्र उभारण्याचा आणि चालवण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला. बिनतारी संदेशवहन आल्यावर 1933 मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि परवान्याविना बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणेही गुन्हा ठरले. या कडकपणामागे साम्राज्याची भीती होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु भौतिकशास्त्राचेही एक कारण होते. बिनतारी संदेश एकमेकांवर आदळतात, हे तंत्रज्ञान बाल्यावस्थेत असतानाच लोकांच्या लक्षात आले होते. 1901 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या नौकाशर्यतीची बातमी बिनतारी यंत्राने देण्याची चढाओढ लागली. तेव्हा प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या संदेशांनी एकमेकांचा चुराडा केला आणि त्यात एका कंपनीने मुद्दामच खोडा घातला. पुढे 15 एप्रिल 1904 रोजी पोर्ट आर्थर येथे रशियन तारायंत्र्यांनी जपानी नौदलाचे तोफांच्या माऱ्याची दिशा सांगणारे बिनतारी संदेश आपल्या यंत्रांच्या खरखरीत बुडवले. युद्धातील जॅमिंगचा इतिहास सांगताना बहुधा येथूनच सुरुवात केली जाते.

मुंबईने या कायद्याचा प्रत्यय 1942 मध्ये घेतला. ‘छोडो भारत’चा ठराव झाल्यावर काही दिवसांतच उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘काँग्रेस रेडिओ’ हे भूमिगत केंद्र सुरू केले. ते 42.34 मीटरवर, म्हणजे सुमारे 7 मेगाहर्ट्झवर ऐकू येई. पोलिस त्याची भाषणे ऐकून टिपून घेत आणि प्रक्षेपण कोठून होते याचा माग काढीत. माग चुकवण्यासाठी केंद्राला शहरात सारखी जागा बदलावी लागे. अखेर 12 नोव्हेंबर 1942 रोजी गिरगावातील पारेखवाडीत छापा पडला. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. ती त्यांनी येरवड्याच्या तुरुंगात भोगली. या प्रसंगातला शास्त्रीय भाग असा की ज्या गुणामुळे तो आवाज देशभर पोचत होता, त्याच गुणामुळे त्याचा ठावठिकाणा लागणे शक्य होते. रेडिओ तरंग भिंतीबाहेर जातो, म्हणून तो रस्त्यावरूनही हुडकता येतो. बेकायदा जॅमर आजही याच तत्त्वाने शोधले जातात. देशात त्यासाठी 1952 पासून स्वतंत्र वायरलेस मॉनिटरिंग संघटना आहे.

स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले, तरी तरंगांवरील सरकारी मालकी राहिली. तिचे समर्थन मात्र बदलले. डिसेंबर 2023 मध्ये संमत झालेल्या दूरसंचार कायद्यात केंद्र सरकार हे जनतेच्या वतीने तरंगपट्ट्याचे मालक आहे, असे स्पष्ट म्हटले आहे. मालमत्ता सार्वजनिक ठरली की ती अडवणारा हा रस्त्यावर भिंत घालणाऱ्यासारखा होतो. दूरसंचार विभागाने जुलै 2022 मध्ये जाहीर सूचना काढून ही गोष्ट बजावली. मोबाइल जॅमर, जीपीएस ब्लॉकर किंवा सिग्नल अडवणारे अन्य साधन सरकारने खास परवानगी दिल्याखेरीज बेकायदेशीर आहे. खासगी व्यक्तीला वा संस्थेला ते विकत घेता येत नाही. त्याची जाहिरात, विक्री, आयात हेही निषिद्ध आहे. ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना त्याच वर्षी जानेवारीत इशारा देण्यात आला होता. परवानगी देण्याचा अधिकार मंत्रिमंडळ सचिवालयाकडे आहे. तुरुंग, अतिमहत्त्वाच्या व्यक्तींची सुरक्षा, आणि पेपरफुटी-कॉपीचे प्रकार वाढल्यावर वैधानिक परीक्षा मंडळांची परीक्षा केंद्रे, अशा मोजक्या कारणांसाठी ती मिळते, आणि परीक्षा केंद्रांसाठी ती कमी शक्तीच्या यंत्रांनाच.

एवढा कडक बंदोबस्त कशासाठी, हे सरोजिनी नगरच्या धावपट्टीवरून पाहिले तर चटकन कळते. जीपीएसचे उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरतात. जमिनीवर पोचेपर्यंत त्यांचा संकेत इतका क्षीण होतो की कल्पना करणे कठीण. एका वॉटचे एक कोटी भाग करावेत, त्यांतल्या एका भागाचे पुन्हा शंभर कोटी भाग करावेत. ग्राहक यंत्राच्या हाती साधारण तेवढीच शक्ती लागते. तिला बुडवायला सिगारेट लायटरच्या खोबणीत बसणारा स्वस्त ब्लॉकरही पुरतो. अमेरिकेत नेवार्क विमानतळाची नवी अवतरण-साहाय्य यंत्रणा अशाच एका यंत्रामुळे अडखळली होती. मालकाला आपला ठावठिकाणा कळू नये म्हणून एका ट्रकचालकाने ते गाडीत बसवले होते. 2013 मध्ये त्याला सुमारे 32 हजार डॉलरचा दंड ठोठावण्यात आला. आपल्या कृत्याचा विमानांशी काही संबंध आहे, हे त्याच्या स्वप्नातही नसावे. भारतात नोव्हेंबर 2023 ते फेब्रुवारी 2025 या काळात सीमाभागात, विशेषतः अमृतसर आणि जम्मूच्या परिसरात, जीपीएसमध्ये व्यत्यय आल्याच्या 465 घटना नोंदल्या गेल्या, अशी माहिती सरकारने लोकसभेत दिली. त्या घटनांमागे खिशातली खेळणी नव्हती, हे उघड आहे. पण विमानाच्या ग्राहक यंत्राला कारण कळत नाही, फक्त संकेत नाहीसा झालेला कळतो. अधिकृत जॅमरही याला अपवाद नाहीत. तुरुंगाच्या भिंतीआत लावलेल्या यंत्रामुळे भिंतीबाहेरच्या बिऱ्हाडांचा मोबाइल मुका होतो, ही तक्रार महाराष्ट्रातल्या शहरांना अपरिचित नाही. रुग्णवाहिकेला लावलेला फोन आणि कैद्याने चोरून केलेला फोन यांतला फरक जॅमरला समजत नाही.

आता दुसरे घराणे. येथे तरंगाची मालकी हा प्रश्नच नाही. खोलीत दोन माणसे बोलत आहेत, आणि त्यांच्या बोलण्यावर तिसऱ्याचा, किंवा त्या दोघांपैकीच एकाचा, हक्क किती, एवढाच वाद. या वादातले दोन मूलभूत निवाडे मुंबईच्या प्रकरणांतून आले आहेत.

पहिले युसुफअली इस्माइल नागरी यांचे. मुंबई महापालिकेच्या एका कर्मचाऱ्याला लाच देऊ केल्याचा आरोप होता. कर्मचाऱ्याने पोलिसांना कळवले आणि सापळा रचण्यात आला. बाहेरच्या खोलीत पुस्तकांमागे मायक्रोफोन दडवला. आतल्या खोलीत पोलिस आणि एक रेडिओ मेकॅनिक दबा धरून बसले. सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये हे मुद्रण पुरावा म्हणून ग्राह्य धरले. त्यामागची कल्पना अशी की चुंबकीय फितीवरचा ठसा हा त्या खोलीतल्या ध्वनीचा थेट परिणाम आहे, जसे छायाचित्र हा समोरच्या दृश्याचा. मात्र फीत सीलबंद केली नव्हती, याबद्दल न्यायालयाने नापसंती दाखवली. ध्वनिफीत पुसता येते, तिच्यात फेरफार करता येतो, म्हणून ती फार काळजीने पारखावी, असा दंडक तेव्हापासून रुळला.

दुसरे प्रकरण मुंबईचे तत्कालीन कोरोनर आर. एम. मलकाणी यांचे. 1964 मध्ये एका रुग्णाच्या मृत्यूनंतर अनुकूल अहवालासाठी एका डॉक्टरकडे पैसे मागितल्याचा आरोप त्यांच्यावर होता. लाचलुचपत प्रतिबंधक खात्याने दुसऱ्या एका डॉक्टरच्या संमतीने त्यांच्या टेलिफोनला टेपरेकॉर्डर जोडून संभाषण मुद्रित केले. बचावाचा युक्तिवाद चतुर होता: टेलिफोनला यंत्र जोडणे म्हणजे 1885 च्या तार अधिनियमाचा भंग, सबब हा पुरावा बेकायदा. न्यायालयाने 1972 मध्ये तो फेटाळला. तारेवरून जाणाऱ्या संदेशात कोणी हात घातला नव्हता. बोलणाऱ्यांपैकी एकाने स्वखुशीने ते ऐकू दिले होते. तारेची मालकी सरकारची, पण टोकाशी कानावर पडलेला आवाज तारेच्या कायद्याखाली येत नाही. रेडिओचे घराणे आणि ध्वनीचे घराणे यांच्यामधली भिंत या निकालात जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसेल.

या भिंतीला एक प्रसिद्ध भगदाडही आहे. 1945 मध्ये मॉस्कोतील सोव्हिएत मुलांनी अमेरिकन राजदूताला लाकडात कोरलेले अमेरिकेचे राजचिन्ह भेट दिले. ते सात वर्षे राजदूताच्या घरी भिंतीवर टांगलेले होते. आत ना बॅटरी होती, ना तार; होता तो फक्त एक पातळ पडदा आणि लहानसा अँटेना. लेव थेरेमिनने बनवलेले ते यंत्र बाहेरून रेडिओ तरंग सोडले की जागे होई आणि पडद्याच्या थरथरीचा, म्हणजे खोलीतल्या बोलण्याचा, ठसा त्या तरंगावर उमटवून परत पाठवी. ध्वनी आणि रेडिओ येथे एकत्र नांदत होते. पण या जोडीतही पहिली पायरी पडद्याचीच होती. तो थरथरला नसता तर तरंग रिकामाच परतला असता.

श्राव्यातीत उपकरण नेमका या पडद्यावर घाव घालते. माणसाच्या कानाची मर्यादा फार तर 20 किलोहर्ट्झ. मायक्रोफोनची विद्युत् रचनाही त्याहून वरचे ध्वनी गाळून टाकते. मग 40 किलोहर्ट्झच्या ध्वनीने मुद्रणात खरखर कशी येते? उत्तर मायक्रोफोनच्या एका व्यंगात आहे. पडदा आणि त्यामागचा प्रवर्धक आलेल्या कंपनाची अगदी हुबेहूब नक्कल करीत नाहीत. थोडी विकृती राहतेच. अशा विकृत यंत्रावर 40 आणि 50 किलोहर्ट्झचे दोन ध्वनी एकाच वेळी पडले की त्यांच्या मिश्रणातून दोहोंच्या फरकाचा, म्हणजे 10 किलोहर्ट्झचा, तिसरा सूर यंत्राच्या आतच जन्म घेतो. गाळणी त्याच्यापुढे बसवलेली असते, आणि 10 किलोहर्ट्झ तर श्राव्य पट्ट्यातच मोडतो, म्हणून गाळणी त्याला अडवत नाही. दोन कंप्रतांच्या मिश्रणातून तिसरी काढण्याची ही युक्ती रेडिओच्या ग्राहक यंत्रात शतकभर वापरात आहे. येथे ती मायक्रोफोनच्या इच्छेविरुद्ध घडते. निरुपम रॉय, हैथम हस्सनिये आणि रोमित रॉय चौधुरी या इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी 2017 मध्ये हे प्रयोगाने दाखवून दिले. 2020 मध्ये शिकागो विद्यापीठाच्या गटाने मनगटावर बांधायचे कडे बनवले. त्याच्या कडेने सर्व दिशांना तोंड केलेले छोटे ध्वनिक्षेपक होते, आणि बोलताना हात हलतो त्या हालचालीमुळे खोलीतले सुटलेले कोपरेही त्यांच्या टप्प्यात येत. घरात चोवीस तास कान टवकारून बसलेल्या स्मार्ट स्पीकरांपासून संरक्षण, हा त्यामागचा हेतू होता.

विक्रेत्यांच्या जाहिराती मात्र कसोटीवर फार टिकत नाहीत. श्राव्यातीत ध्वनी हवेत झपाट्याने विरतो. दोन-तीन मीटरनंतर त्याचा जोर ओसरू लागतो. फोन खिशात असला, त्यावर जाड कव्हर असले, तर कापडच मायक्रोफोनला वाचवते. प्रत्येक फोनच्या मायक्रोफोनचे व्यंग वेगळे, त्यामुळे एकाला ठार बहिरे करणारे उपकरण दुसऱ्याच्या बाबतीत निरुपयोगी ठरू शकते. शिवाय कुत्र्या-मांजरांना हे ध्वनी चांगलेच ऐकू येतात. श्रवणयंत्रातही मायक्रोफोनच असतो, तेव्हा ते लावणाऱ्या वृद्धाची पंचाईत होणे अशक्य नाही. गुप्त गोष्ट बोलताना नळ सोडून ठेवण्याची किंवा रेडिओ मोठा करण्याची घरगुती रीत यापेक्षा स्वस्त, आणि ती निदान सगळ्यांना ऐकू तरी येते.

कायद्याच्या बाजूने पाहता या उपकरणाला दूरसंचार कायदा लागत नाही. त्या कायद्यात दूरसंचाराची व्याख्या तार, रेडिओ, प्रकाश किंवा अन्य विद्युत् चुंबकीय साधनांपुरती बांधलेली आहे, आणि हवेची थरथर तिच्यात बसत नाही. त्याच पेटीत मोबाइल सिग्नल अडवणारा भाग बसवलेला असेल तर गोष्ट निराळी. मग ती पेटी सरळ बेकायदा जॅमरच. पण केवळ ध्वनी सोडणारे उपकरण शेजाऱ्याचा फोन बंद पाडत नाही, विमानाची वाट चुकवत नाही. म्हणून ते निरुपद्रवी आहे, असे अनेक जाहिराती सुचवतात. येथे मात्र सावध व्हायला हवे.

महाराष्ट्रात लाचेच्या सापळ्याची रीत आजही 1960 च्या दशकातल्या त्या पुस्तकांमागच्या मायक्रोफोनचीच वंशज आहे. सात-बारावरच्या फेरफारासाठी, बांधकामाच्या परवानगीसाठी कोणी पैसे मागितले की तक्रारदार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे जातो. तेथे त्याच्याजवळ एक छोटा व्हॉइस रेकॉर्डर दिला जातो आणि पंचांसमक्ष मागणीची पडताळणी होते. मागणी सिद्ध झाली नाही तर नोटांवरची पावडर आणि गुलाबी झालेले हातही खटला तारू शकत नाहीत. अशा टेबलावर पेन-स्टँडच्या शेजारी एक मुकी डबी ठेवलेली असेल, तर तक्रारदाराच्या खिशात फक्त खरखर उरेल. उलट बाजूही तितकीच खरी आहे. वकील आणि पक्षकार, पत्रकार आणि माहिती देणारा माणूस, समुपदेशकासमोर बसलेली स्त्री, यांना आपले बोलणे खोलीतच राहावे असे वाटण्याचा अधिकार आहे. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. मात्र 14 जुलै 2025 रोजी त्याच न्यायालयाने पतीने पत्नीचे चोरून मुद्रित केलेले संभाषण वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून घेण्यास मुभा दिली. त्यामुळे खोलीतल्या आवाजावर हक्क कोणाचा, हा प्रश्न अजून चालूच आहे.

1967 चा निवाडा या नव्या यंत्रापुढे एक अडचण उभी करतो, किंबहुना हे यंत्रच त्या निवाड्यापुढे ती उभी करते. फितीवरचा ठसा हा खोलीतल्या ध्वनीचा थेट परिणाम, असे तेव्हा गृहीत होते. आता फोनमध्ये जी खरखर उमटते ती खोलीत हजर असलेल्या एकाही माणसाने ऐकलेली नसते. ती फेरफाराने मागाहून घातलेली नसते, आणि खरोखरीचा आवाजही नसते. मुद्रण अस्सल असूनही खोटे बोलते. दोषी मुद्रण करणारा नव्हे, हे सिद्ध करण्याचा भार मात्र त्याच्यावरच येऊन पडेल, आणि त्याला सोडवण्याचे काम अखेर न्यायवैद्यकाच्या अभ्यासकाकडे जाईल. साक्षीदारांना शांतता आठवते आणि मुद्रणात गोंगाट आहे, ही विसंगतीच त्याच्या हातचा पहिला धागा.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नुसार झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य मुद्रण करणे पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि त्यासाठी शक्यतो मोबाइल फोन वापरावा, असे त्या कलमातच म्हटले आहे. म्हणजे यापुढे देशातल्या प्रत्येक पंचनाम्याचा आवाज अशाच एका चिमुकल्या पडद्यावरून जाणार आहे, जो चाळीस आणि पन्नास किलोहर्ट्झच्या दोन सुरांनी बहिरा होऊ शकतो. तो पडदा कोणी मुद्दाम बहिरा केला, तर दूरसंचार विभागाची गाडी तिथे येणार नाही. तिला शोधण्यासारखे रस्त्यावर काहीच पोचलेले नसेल.